पलीकडे म्हणायचं नाही

— ‘ळ’ म्हणा. नुसता ‘ळ’.

— खुर्ची करकरतेय.

— पिशवीचं तोंड बांधलेलं आहे, त्यामुळे आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

— वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडतंय. थांबतील. जेवायला जातीलच ना कधीतरी.

— पाणी कोमट दिलंय, गार नाही.

— आणि मग बारा वजा तीन, नऊ.

— मी उपाशी नाहीये. तू खाल्लंस का?

— एक शब्दसुद्धा बदलायचा नाही, असं ठरलंय समितीत.

— उद्या सकाळी ऑपरेशनला पहिलाच नंबर त्यांचा आहे.

(ध्वनिमुद्रणाची छोटी खोली, मधोमध जाड काच. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी लेक, तिच्या शेजारी पाठ्यपुस्तक समितीच्या बाई. पलीकडे माइकसमोर सर.)

लेक : बाबा, येतंय ऐकू?

सर : येतंय. हळू बोल. कानात बसून बोलल्यासारखी बोलतेस.

लेक : कानातच बसलेय. हे लाल बटण दाबून धरलं की मी तुमच्या कानात. सोडलं की बंद. तुमचा आवाज मात्र मला सारखा येणार. श्वाससुद्धा.

सर : म्हणजे मी बोलेन ते सगळं तू ऐकणार, आणि तू बोलशील त्यातलं थोडंच मला ऐकू येणार. घरी बरोबर उलटं असतं.

बाई : सर, सावकाश बसा. घाई नाही.

सर : घाई नाही कशी? उद्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून घेणारेत. आज आहे तोवर वाजवून घेतो.

बाई : असं नका ना बोलू, सर.

सर : मग कसं बोलू? काय बोलायचं ते तूच तर लिहून दिलंयस. समितीच्या बाई आहात आता तुम्ही. एके काळी पहिल्या बाकावर बसून नाक ओढायचीस.

बाई : दुसऱ्या बाकावर, सर.

सर : हां, पहिल्यावर तुझी ती मैत्रीण. अक्षर चांगलं होतं तिचं.

बाई : आम्ही तुम्हाला ‘उणे सर’ म्हणायचो. ठाऊक होतं तुम्हाला?

सर : चिन्ह विसरलं की अर्धा गुण उणे. त्या अर्ध्या गुणाने मला अख्ख्या शाळेत नाव मिळवून दिलं. ठाऊक नसायला काय झालं? चला, वह्या काढा.

लेक : एक मिनिट. आधी ‘ळ’ म्हणा. माइक नीट लागलाय का बघते.

सर : ळ. ‘मूळ’ म्हणू, का ‘बाळ’?

लेक : पुरे. सुरू करा.

सर : बाळांनो, आज आपल्यासमोर एक तराजू आहे. डाव्या पारड्यात तीन पिशव्या आहेत आणि पाच सुट्या गोळ्या. उजव्या पारड्यात सतरा गोळ्या. दोन्ही पारडी एका रेषेत आहेत. प्रत्येक पिशवीत सारख्याच गोळ्या आहेत, पण पिशवीचं तोंड बांधलेलं आहे, त्यामुळे आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पिशवीला स्वतःचं वजन नाही असं आपण धरू. तर मग, ह्या पाच गोळ्या आपण पलीकडे नेऊ—

बाई : सर.

सर : थांबवलंस?

लेक : बाबा, बाई म्हणतायत, पलीकडे नाही.

सर : पलीकडे म्हणालो मी?

लेक : म्हणालात.

सर : अरे. आणि कागद समोर आहे. कागदावर ‘दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोळ्या काढू’ असं ढळढळीत लिहिलंय. डोळे कागदावर आणि जीभ फळ्यावर.

बाई : हरकत नाही, सर. पण चित्रं आधीच तयार आहेत. तुम्ही ‘दोन्ही पारड्यांतून’ म्हणता तेव्हा पडद्यावर दोन्हीकडच्या गोळ्या एकदम उचलल्या जातात. तुम्ही ‘पलीकडे’ म्हणालात तर मुलं ऐकणार एक आणि बघणार दुसरंच.

सर : शिवाय गोळ्या खरोखरच उचलून पलीकडे ठेवल्या तर तिकडे होतील बावीस. आणि फळ्यावर मी लिहितो बारा. वाटेत काय होतं म्हणे त्यांचं?

बाई : तेच विचारतात मुलं. म्हणून तर पाठ बदलला.

सर : खुर्ची करकरतेय गं ही. दुसरी दे. आणि मी जरा पाणी पितो.

लेक : प्या. कोमट आहे, तुमच्या उजव्या हाताला. बटण सोडलंय मी, त्यांना आता ऐकू जाणार नाही. बाई, मला एक सांगा. हे वाक्य इतकं अडलंय का कुणाचं?

बाई : तू रागावली आहेस.

लेक : डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला माहीत नाही. म्हणाले, सूज आहे, जितकं बोलतील तितका आवाज बसत जाईल, दुपारपर्यंत टिकला तर टिकला. जे बोलायचं ते घरातल्या माणसांशी बोलून घ्या. घरातल्या माणसांशी, असं म्हणाले. आणि हे सकाळपासून गोळ्यांशी बोलतायत.

बाई : मीच त्यांचं नाव सुचवलं.

लेक : का?

बाई : समितीत सगळे म्हणत होते, एखादा नट घ्या, आवाज कोणाचाही चालेल, शब्द तेवढे तेच हवेत. मी हट्ट धरला. अध्यक्ष म्हणाले की जुन्या वळणाचे मास्तर आहेत, नवी पद्धत त्यांच्या तोंडात बसायची नाही. शेवटी ठरलं की एक शब्दसुद्धा बदलायचा नाही, बदलला तर पाठ नटाकडे. मी हो म्हणाले. तेव्हा त्यांच्या आजाराचं मला माहीत नव्हतं. कळल्यावर मी घरी येऊन सांगितलं, सर, राहू दे, मी दुसरी सोय करते. तुझी आई म्हणाली, बरं होईल. सरांनी मात्र कागद मागून घेतला.

लेक : मला हे सांगितलंच नाही त्यांनी.

बाई : म्हणाले, उद्यापासून वर्गात उभं राहता येणार नाही. हा पाठ झाला तर दर वर्षी सातवीत जाऊन बसता येईल. भाषा तुमची, गळा माझा.

लेक : नंतर एक यंत्र मिळतं म्हणे, गळ्याला टेकवून बोलायचं. मी ऐकलाय त्याचा आवाज. ते लावलं की सगळी माणसं एकाच माणसासारखी बोलतात.

बाई : तू इथे त्यांचं बोलणं घेतेयस, ते राहीलच ना तुझ्यापाशी?

लेक : काय राहील? तीन पिशव्या नि पाच गोळ्या. ते बघा, हात वर करतायत. वर्गातल्या पोरासारखे. हां बाबा, बोला.

सर : तुमची दोघींची तोंडं हलताना दिसतायत आणि ऐकू काहीच येत नाही. माझ्याबद्दल असेल तर चांगलंच बोलत असाल.

लेक : खुर्चीबद्दल बोलत होतो. आणते दुसरी.

सर : राहू दे. हलत नाही मी. चला.

लेक : सुरू.

सर : बाळांनो, आज आपल्यासमोर एक तराजू आहे. डाव्या पारड्यात— हे काय वाजतंय?

लेक : वरच्या मजल्यावर भिंतीला भोक पाडतायत. थांबतील.

सर : त्यांचंही काम चाललंय. थांबू आपणच.

बाई : तोवर मी एकदा वाचून दाखवू का, सर? तुम्ही नुसतं ऐका. म्हणजे कानात बसेल.

सर : वाच. तू वाचायचीस तेव्हा वर्ग झोपायचा, पण वाच.

बाई : ‘तर मग आपण दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोळ्या काढू. डावीकडे उरल्या तीन पिशव्या. उजवीकडे बारा गोळ्या. जे एका बाजूला केलं तेच दुसऱ्या बाजूला केलं, म्हणून पारडी हलली नाहीत. आता दोन्ही बाजूंचे तीन-तीन सारखे वाटे करू. एका वाट्याला एक पिशवी.’

सर : चांगलं लिहिलंयस. खरंच चांगलं लिहिलंयस गं. दोन्हीकडे सारखं. भांडणं मिटवायलाही उपयोगी पडेल.

लेक : थांबलं वरचं. सुरू करा बाबा.

सर : बाळांनो, आज आपल्यासमोर एक तराजू आहे. डाव्या पारड्यात तीन पिशव्या आहेत आणि पाच सुट्या गोळ्या. उजव्या पारड्यात सतरा गोळ्या. दोन्ही पारडी एका रेषेत आहेत. प्रत्येक पिशवीत सारख्याच गोळ्या आहेत, पण पिशवीचं तोंड बांधलेलं आहे, त्यामुळे आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पिशवीला स्वतःचं वजन नाही असं आपण धरू. दुकानदार असं धरत नाही. तर मग आपण दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोळ्या पलीकडे—

लेक : बाबा.

सर : दोन्ही पारड्यांतून पलीकडे. हे तर नवीनच झालं. दोन्हीकडच्या पलीकडे म्हणजे कुठे नेल्या असतील मी?

लेक : आणि दुकानदार कागदात नाही.

सर : तो आपला जाता जाता आला. त्याला काढून टाक.

लेक : टेकला मी नंबर देत नाहीये, नावं देतेय. हा दुकानदाराचा टेक. त्याच्या आधीचा भोकाचा.

सर : आणि पहिला?

लेक : खुर्चीचा.

सर : पलीकडेचा म्हण की. लाजतेस कशाला?

लेक : बाबा, असं करू या. ‘पाच-पाच गोळ्या काढू’ एवढे चारच शब्द वेगळे म्हणा. मागचं-पुढचं सगळं माझ्याकडे चांगलं आलंय. मी जोडते. मी रोज हेच करते. कुणाला कळणारही नाही.

सर : मला कळेल ना.

लेक : तुम्हाला कळलं तर काय बिघडलं?

सर : सगळी पोरं मधली पायरी खातात. वर गणित, खाली उत्तर, मध्ये काही नाही. मी म्हणायचो, पायरी गाळलीस तर उत्तर तुझं नाही, कुणाचं तरी उचललेलं आहे. आता स्वतःचीच पायरी तुझ्याकडून चिकटवून घेऊ?

लेक : तुमचा आवाज बसतोय. ऐकतेय ना मी. ‘बाळांनो’मधला ‘ळ’ आता नुसती हवा आहे.

सर : हवा आहे तोवर चालवू. जरा श्वास घेतो. तू खाल्लंस का काही?

लेक : तुम्ही उपाशी आहात. मला काय विचारताय?

सर : मी उपाशी नाहीये. तुझ्या आईने पेज पाजून पाठवलंय. तू खाल्लंस का?

लेक : खाईन. बसा शांत दोन मिनिटं, बोलू नका.

बाई : त्यांना जोडलेलं नकोय, तर नको.

लेक : बटण सोडलंय, बोला मोकळेपणाने. मला खरंच कळत नाही, बाई. पलीकडे नेलं काय आणि दोन्हीकडून काढलं काय, बाराच उरतात ना? इतकी वर्षं पोरं शिकली की.

बाई : पाचापर्यंत चालतं. पुढे तिनाशी अडतं. पिशव्या तीन आहेत, म्हणजे क्षला तिनाने गुणलंय. मुलांच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलेलं असतं की बाजू बदलली की चिन्ह बदलतं. अधिक पाच पलीकडे गेले, उणे पाच झाले. मग तीन पलीकडे गेले की ते पण उणे तीन. आणि मग बारा वजा तीन, नऊ. निम्मा वर्ग नऊ लिहितो.

लेक : मग नऊ नाही?

बाई : नाही.

लेक : मी नऊच लिहिलं होतं.

बाई : सातवीत?

लेक : सातवीत. बाबाच होते वर्गावर. पेपरात ते नऊ फुल्ली मारून खोडलं नाही त्यांनी, शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं लाल शाईने. मला वाटलं, घरी विचारतील. घरी दुसऱ्यांचे पेपर तपासत बसले. वर्गात मला कधी उभं करायचे नाहीत. घरच्या पोरीला विचारलं आणि आलं तर लोक म्हणणार पढवून आणलंय, नाही आलं तर शोभा. मीही विचारायला गेले नाही. मग आठवीपासून गणिताच्या वहीत रेडिओवरच्या गाण्यांचे शब्द लिहायचे. त्यातून ह्या वायरींत येऊन पडले, वाईट काही झालं नाही.

बाई : मला सर सगळं सांगायचे. मधल्या सुट्टीतसुद्धा.

लेक : माहीत आहे. तुमचं नाव घरी रोज यायचं.

बाई : सर बघतायत आपल्याकडे.

लेक : बोला, बाबा.

सर : मी पलीकडे आलोय, तर माझं चिन्ह बदललं का, एवढंच विचारायचं होतं.

लेक : फालतू विनोदांत आवाज घालवू नका.

सर : कशात घालवू मग?

लेक : ...

सर : ऐकू आलं नाही. बटण सोडलंस का?

लेक : नाही. दाबलेलंच आहे.

बाई : सर, आपण हा एकदा घेऊ. जमला तर जमला. नाही तर माझ्या आईची शपथ, मी स्वतः अध्यक्षांना जाऊन सांगते की राहू द्या, आणि तुम्ही घरी जायचं.

सर : बरं. शेवटचा प्रयत्न. तुझ्या आईला मध्ये घालू नकोस. चला, वह्या काढा.

लेक : सुरू.

सर : बाळांनो, आज आपल्यासमोर एक तराजू आहे. डाव्या पारड्यात तीन पिशव्या आहेत आणि पाच सुट्या गोळ्या. उजव्या पारड्यात सतरा गोळ्या. दोन्ही पारडी एका रेषेत आहेत. प्रत्येक पिशवीत सारख्याच गोळ्या आहेत, पण पिशवीचं तोंड बांधलेलं आहे, त्यामुळे आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पिशवीला स्वतःचं वजन नाही असं आपण धरू. तर मग आपण दोन्ही पारड्यांतून पाच-पाच गोळ्या काढू. डावीकडे उरल्या तीन पिशव्या. उजवीकडे बारा गोळ्या. जे एका बाजूला केलं तेच दुसऱ्या बाजूला केलं, म्हणून पारडी हलली नाहीत. आता दोन्ही बाजूंचे तीन-तीन सारखे वाटे करू. एका वाट्याला एक पिशवी. आणि एका वाट्याला गोळ्या—

लेक : चार.

सर : बरोबर.

बाई : अगं, बटण.

लेक : अरे देवा. बटण दाबलेलंच राहिलं माझ्याकडून. बाबा, चुकून झालं. तोंडातून गेलं. तुम्ही पुढचं बोला, मी माझं काढून टाकीन, ‘एका वाट्याला गोळ्या’पासून पुन्हा उचला, जमेल, सगळं आलंय—

सर : चार कसे आले?

लेक : काय?

सर : चार म्हणालीस. कसे आले?

लेक : बाबा, पाठ पुरा करा आधी. चारच वाक्यं राहिलीत.

सर : मी विचारतोय.

लेक : तीन पिशव्या आहेत. बारा गोळ्या. मला एकच पिशवी हवीय. म्हणून इकडे तीन वाटे केले, तर तिकडेपण तीनच करायला हवेत. नाही तर कललं असतं. म्हणून चार.

सर : नऊ का नाही?

लेक : नऊ आले असते तर मी बारातून तीन गोळ्या उचलल्या असत्या. मग डावीकडूनही तीन गोळ्याच उचलायला हव्यात. पण डावीकडे सुट्या गोळ्या उरल्याच नाहीत. पिशव्या आहेत. तीन पिशव्या म्हणजे तीन गोळ्या नाहीत.

सर : तीन पिशव्या म्हणजे तीन गोळ्या नाहीत. हे कागदात नाही, बाई.

बाई : नाही, सर. लिहायला हवं होतं.

सर : लिहून घे. दोन पिशव्या, सात सुट्या गोळ्या. पलीकडे— उजव्या पारड्यात एकोणीस.

लेक : कोणाला विचारताय?

सर : काचेमागे अजून कोण आहे? ती दुसऱ्या बाकावरची हुशार आहे, तिला येतं.

लेक : दोन्हीकडून सात-सात काढले. बारा उरले. दोन वाटे. सहा.

सर : बरोबर. आता तोंड बांधलेल्या दोन पिशव्या, पण त्यांतून कुणीतरी आधीच तीन गोळ्या काढून नेल्यात. उजवीकडे अकरा.

बाई : सर, पाठाचं शेवटचं—

सर : हं?

बाई : काही नाही. चालू द्या.

लेक : तीन काढू दोन्हीकडून.

सर : काढू? आधीच कमी आहेत.

लेक : मग... मग घालू. तीन घालू. दोन्हीकडे. चौदा. सात?

सर : प्रश्नचिन्ह कशाला?

लेक : सात.

सर : बरोबर. ह्याला म्हणतात उणे. मी उणे सर. आता असं समज—

लेक : बाबा, पाणी प्या.

सर : असं समज, पिशव्या दोन्हीकडे आहेत. डावीकडे पाच. उजवीकडे दोन पिशव्या, आणि नऊ—

लेक : नऊ काय? नऊ गोळ्या?

सर : गोळ्या.

लेक : दोन्हीकडून दोन-दोन पिशव्या काढल्या तर चालेल? बघितल्याशिवाय? आत किती ते माहीत नसताना?

सर : चालेल.

लेक : सारख्या आहेत म्हणून.

सर : म्हणून.

लेक : मग तीन पिशव्या, नऊ गोळ्या. तीन. बाबा, तीन. अजून घाला एक. आता अवघड घाला.

सर :

लेक : ऐकू नाही आलं. माइकच्या जवळ या. मी वाढवलाय आवाज, पुन्हा बोला.

सर :

लेक : ओठ हलतायत, पण येत काही नाहीये. बाई, वायर बघा ना जरा तिकडची. सुटली असेल.

बाई : वायर लागलेली आहे गं.

लेक : नाही, एकदा बघा तुम्ही.

बाई : श्वास येतोय बघ त्यांचा. ऐक.

· · ·

बाई : इथेच बसतेस का अजून? मला वाटलं, दुसऱ्या खोलीत गेलीस.

लेक : इथेच. बसा. खुर्ची बदललीय.

बाई : सर कसे आहेत?

लेक : बरे आहेत. जखम भरली. ते गळ्याला लावायचं यंत्र कपाटात ठेवून दिलंय, खोक्यासकट. पाटी घेऊन फिरतात घरात. भाजीवाल्याला परवा पाटीवर लिहून दाखवलं की वांगी किडकी आहेत. तो म्हणाला, आजोबा, मला वाचता येत नाही.

बाई : मी यायला हवं होतं. धीर झाला नाही.

लेक : या ना. त्यांना आवडेल. तुमच्या पाठाचं काय झालं?

बाई : नटाकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, शेवट नाही, तर पाठ नाही. मी तुझा आवाज काढून, शेवट नटाचा जोडून बघू या म्हटलं असतं. म्हटलं नाही. सरांना नको होतं.

लेक : बरं केलंत.

बाई : मी गेल्या आठवड्यात एका शाळेत गेले होते, पाठ कसा चालतो ते बघायला. सातवीचा वर्ग. पडद्यावर तराजू, मागे तो नट. छान बोलतो, स्वच्छ. एकदाही चुकत नाही. मग वर्गाच्या बाईंनी फळ्यावर गणित घातलं. नऊ फक्त दोघांनी लिहिलं. एरवी निम्म्या वर्गाने लिहिलं असतं.

लेक : म्हणजे चांगलंच झालं की.

बाई : चांगलंच झालं. मुलांना कळतंय. सरांच्या आवाजाशिवाय कळतंय. मागे बसून मी ते बघत होते, आणि मला आनंद व्हायला हवा होता.

लेक : बाबांना सांगा हे.

बाई : कसं सांगू?

लेक : असंच सांगा. नऊ फक्त दोघांनी लिहिलं, असं. ते विचारतील, कोण ते दोघे.

बाई : तू ते सगळं ठेवलंयस ना? त्या दिवशीचं.

लेक : ठेवलंय.

बाई : ऐकतेस?

लेक : दुकानदाराचा टेक ऐकते. शेवटचा नाही ऐकवत. गणितं मला पाठ झालीत, ते एक बरं. परवा शेजारची पोरगी आली होती वही घेऊन, बाबा पाटीवर लिहायला लागले तर तिला त्यांचं अक्षर लागेना. मीच शिकवलं. बाबा बघत बसले होते. एका ठिकाणी मी पायरी गाळली, तर पाटीवर टकटक केलं.

बाई : घरी गेल्यावर बोलले होते का काही? त्या दिवशी, दवाखान्यात जायच्या आधी?

लेक : नाही. आवाज गेला तो इथेच. आई विचारत होती, दिवसभर काय काय बोलले. मला सांगता येईना, म्हणून मी तिला ऐकवलं, हेडफोन लावून, पहिल्यापासून. तिला वाटलं, मध्ये कुठेतरी काहीतरी असेल. पिशव्या, गोळ्या, बारा, सतरा, सगळं ऐकत बसली. तिला गणितातलं काही कळत नाही. तरी एकदाही हेडफोन काढला नाही. संपल्यावर म्हणाली, तुला छान शिकवलं.

बाई : एवढंच?

लेक : एवढंच. मग पेजेचं भांडं घासायला गेली.

बाई : आणि तू?

लेक : मी तिला एक सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळी निघताना बाबांनी दारातून तिला हाक मारली होती. ती न्हाणीघरात होती, नळ सुरू होता.